खांद्यावरची चार बोटं

आमच्या बाहेरच्या खोलीत एक फोटो टांगलाय आणि तो गेली अकरा वर्षं माझ्या डोळ्यांत खुपतोय. फोटोत आमचे हे, म्हणजे सर्जेराव सुतार, गळ्यात रेडिओ अडकवून आभाळाकडे बघत उभे आहेत. रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. मॉडेल विमान उडवायचं ते दोन दांड्यांचं यंत्र. खाली छापलंय, ‘राष्ट्रीय विजेता’. नीट बघितलं तर त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतात. एका बोटात माझी अंगठी आहे. बाकीची मी कापली गेलेय. पेपरवाल्याला जागा पुरली नसेल, असं मी पहिल्या वर्षी म्हणत होते. आता म्हणत नाही.

हे आत्ता सांगायचं कारण असं की मध्यंतरी एका बाईचा गुडघा फुटला, वर दोषही तिच्याच माथी मारला गेला, आणि त्या प्रकरणाचं मूळ या कापलेल्या फोटोत आहे. लोक मला म्हणतात, वैनी, झालं गेलं, आता किती दिवस राग धरून बसणार. मी म्हणते, अजून बरेच दिवस.

विमान वर नेणं कुणालाही जमतं. खरी कसोटी उतरवताना लागते, आणि जेटचं मॉडेल असेल तर फारच. आमच्या यांचं विमान जेमतेम अडीच मीटर लांब, पण पोटात रॉकेलवर चालणारं खरंखुरं टर्बाइन. उतरताना ते ताशी शंभर किलोमीटरनं तुमच्या अंगावर येतं. तोंड तुमच्याकडे असल्यामुळे त्याचं डावं ते तुमचं उजवं होतं, त्यामुळे जो पंख खाली पडत असेल त्याच बाजूला दांडी रेटावी लागते. नवशिक्या माणूस घाबरून उलटी रेटतो आणि विमान गोळा करायला पोतं घेऊन जातो. त्यातही टर्बाइनची एक खोड असते. तुम्ही थ्रॉटल पुढे केला की ते लगेच ऐकत नाही. जोर धरायला त्याला सव्वा सेकंद लागतो. म्हणून जोर लागायच्या आधीच मागून ठेवावा लागतो.

पण लागणार आहे हे कळायचं कसं? विमानातल्या यंत्रांना वारा अंगावर आल्यावरच कळतो. जमिनीवरच्या माणसाला तो आधी दिसतो. माळाच्या टोकाला गवत वाकतं, धूळ उठते. पण उडवणाऱ्याची नजर विमानावर खिळलेली असते, गवत बघायला त्याला फुरसत नसते. म्हणून आमच्या खडीमाळावरच्या क्लबात पहिल्यापासून एक रीत आहे. एकट्यानं कुणी विमान उतरवायचं नाही. विमान शेवटच्या सरळ रेषेत आलं की उडवणारा विचारतो, “पाठ?” मागं उभा असलेला माणूस म्हणतो, “आहे,” आणि खांद्यावर हात ठेवतो. त्यानंतर बोलायचं ते हातानं. बोटं दाबली की जोर दे. चिमटा घेतला की उतरू नको, वर घे.

यांची पाठ बावीस वर्षं मी राखली. क्लबातली पोरं मला चिडवायला पाठराखीण म्हणायची, जशी नवरीबरोबर सासरी पाठवतात तशी. मला त्याचं काही वाटलं नाही. माझे वडील गुळव्या होते. लहानपणी गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं ढकलताना मला ते ओरडायचे की वारा फिरायच्या आत धूर बघ, नाहीतर कढई करपंल. मला वारा दिसतो तो तेव्हापासून.

सहा वर्षांपूर्वी डोंगरी तालुक्यांत औषधं पोचवणारी विमानं सुरू झाली. सर्पदंशाची लस, रक्त, बाळंतिणीची इंजेक्शनं. चार पंख्यांची ड्रोन घाटातल्या वाऱ्यात दम टाकायची, हवाई छत्रीनं सोडलेली खोकी झाडांत अडकायची. म्हणून छोटी, वेगवान जेट आणली. ती वीस मिनिटांत घाट ओलांडत, पण आरोग्य केंद्राजवळच्या सव्वाशे मीटरच्या मुरमाच्या पट्टीवर उतरताना आपटत. संगणकाला ते काही केल्या जमेना. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं ठरवलं की जो माणूस हे हातानं करतो, त्याचाच हात यंत्राला शिकवायचा. आणि ते आमच्या दारात आले.

कंपनीचा इंजिनिअर मिहीर दातीर. बोलायला गोड, पायात पांढरे बूट. त्यानं सगळं समजावून सांगितलं. यांच्या दोन्ही अंगठ्यांना सेन्सर लावायचे. सेकंदाला हजार वेळा अंगठा कुठे आहे ते टिपायचं, त्याच क्षणी विमानाचा वेग, उंची, वारा, कॅमेऱ्यातलं चित्रही टिपायचं. मग ते सगळं एका कृत्रिम मेंदूला चारायचं. विमान असं असताना अंगठा असा हलतो, एवढंच तो मेंदू बघतो. का हलतो, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तो विचारत नाही. सासू आमटीत मीठ टाकताना योगायोगानं खोकली, तर मीठ टाकायच्या आधी खोकायचं असतं असं शिकणारी सून असावी, तसला प्रकार. पण अशी सून मिळाली म्हणून सगळे खूश होते.

एकोणीस दिवस रेकॉर्डिंग चाललं. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी यांच्या मागं जाऊन उभी राहिले, तर दातीर हसत हसत पुढे आला.

“ताई, तुम्ही मंडपात बसा ना. दोरीच्या आत फक्त सर. डेटा स्वच्छ हवा.”

मी यांच्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं, की आमची ही असल्याशिवाय मी उतरवत नाही. हे गळ्यातला पट्टा नीट करत राहिले. इतका वेळ पट्टा नीट करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी मंडपात जाऊन बसले, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, चहाच्या थर्मासशेजारी. दातीरनं मला ‘कुटुंबीय’ असं लिहिलेली पट्टी गळ्यात घालायला दिली. त्या दिवशी मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. एकोणीस दिवसांत चारशे बारा वेळा विमान उतरलं. हवा शांत होती, सगळी नीट उतरली.

यंत्राचं नाव ठेवलं ‘उस्ताद’. पाहता पाहता ते एकशेचाळीस केंद्रांच्या विमानांत बसलं. कंपनीनं एक रंगीत पुस्तिका काढली, तीत यांच्या अंगठ्यांचा आलेख. प्रत्येक वेळी, शेवटच्या रेषेत आल्यावर, दोन्ही अंगठे सहा दशांश सेकंद अगदी स्थिर. चारशे बारा वेळा तेच. त्याला नाव दिलं ‘ठहराव’. खाली लिहिलं होतं, ‘उस्तादांच्या हाताची सही’. हे ती पुस्तिका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. हे जिथं साचे बनवायचे त्या फाउंड्रीतली जुनी माणसंही यांना उस्ताद म्हणायला लागली.

मग गेल्या मार्चात तळेघोलला ते घडलं.

तळेघोल म्हणजे घाटाच्या कडेला एक आरोग्य केंद्र. तिथल्या औषधनिर्मात्या रुखसाना मुलाणी दुपारी पट्टीजवळ उभ्या होत्या, लस उतरवून घ्यायला. विमान आलं, आडवं झालं, पट्टी सोडून त्यांच्या पायांत शिरलं. उजवा गुडघा फुटला. चार दिवसांत कंपनीचा अहवाल आला की कर्मचारी सुरक्षारेषेच्या आत शिरल्या होत्या आणि यंत्र निर्दोष आहे. मुलाणींना निलंबित केलं.

केंद्रावरच्या कॅमेऱ्याची क्लिप सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. मी सकाळी मेथी निवडत बसले होते तेव्हा बघितली. विमान वळलं, सरळ रेषेत आलं, आणि हवेत जणू कुणाची तरी वाट बघत राहिलं. क्षणभरच. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “आहे.”

मेथी तशीच टाकून मी मागल्या खोलीत गेले. हे विमानासाठी बाल्साच्या हलक्या लाकडाची फळी घासत होते.

“अहो, ती क्लिप बघितली?”

“बघितली. बाई रेषेच्या आत आली म्हणं.”

“बाईचं ऱ्हाऊ द्या. विमान बघा. वारं आडवं आलं तवा ते थांबलं कशापायी?”

“ठहराव हाय त्यो. माझ्या हाताचा.”

“तुमच्या हाताला ठहराव न्हाई. बावीस वर्षं त्या हाताच्या मागं हाय मी. तुम्ही ‘पाठ’ म्हणून माझ्या ‘आहे’ची वाट बघत थांबला व्हता. मी तिकडं मंडपात बसलेली, आन तुम्ही इकडं चारशे बारा वेळा वाट बघताय. त्या यंत्रानं तेवढं वाट बघणं उचललं. उत्तर कुठनं उचलणार? ते कुणी दिलंच न्हाई.”

घासायचा आवाज थांबला.

“हळू बोल,” हे म्हणाले.

“कशाला हळू?”

“वैजू, हे भाईर बोललो तर काय हुईल म्हाईत हाय? एकशेचाळीस ठिकाणची इमानं बंद. पावसाळा तोंडावर आला. साप चावलेल्याला घाटातनं खाली आणायला तीन तास लागत्यात. ते चालंल तुला?”

ते खोटं बोलत नव्हते. त्यामुळे तर मी जास्तच भडकले.

“आन गप ऱ्हायलो तर? पुढच्या वाऱ्याला दुसरी मुलाणी.”

“दुरुस्ती करतील की ते.”

“काय दुरुस्त करतील? त्यांना वाटतंय यंत्र चांगलं हाय, बाई बिघडलीया.”

यांनी फळीवरचा भुसा बोटानं गोळा केला. मग म्हणाले, “चाळीस वर्षं फाउंड्रीत लाकडाचे साचे केले. माझ्या साच्यातनं निघालेले पंप, गिअर सगळ्या देशात फिरत्यात. कशावर माझं नाव न्हाई. ह्या एका गोष्टीवर हाय, वैजू.”

“माझं कशावर हाय?” मी विचारलं.

हे पुन्हा फळी घासायला लागले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग काही कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. मुलाणी पलंगावर पाय बांधून पडल्या होत्या. चाळिशीच्या, शिडशिडीत, चष्मा नाकावर घसरलेला. मी कोण ते सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं.

“मी रेषेच्या बाहेर होते, वैनी. चार पावलं बाहेर. ती पांढरी रेषा दर सोमवारी मीच चुना टाकून काढते. शिपाई नाही ना आमच्याकडं. माझी रेषा कुठंय ते मला ठाऊक नसंल?”

“असंल की.”

“गुडघ्याचं काय, बसंल कधीतरी. पण अहवालात लिहिलंय, निष्काळजी. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडनं एक बाटली इकडची तिकडं झालेली नाही.” त्यांनी चष्मा वर सारला. “माझी बाजू ऐकायला चौकशी ठेवलीय पट्टीवर. कंपनी तुमच्या मालकांना घेऊन येणार आहे म्हणे. त्याच वाऱ्यात, तसलंच विमान हातानं उतरवून दाखवायला. ते उतरलं की माझा निकाल लागला.”

घरी येऊन मी यांना विचारलं. खरं होतं. दातीरचा फोन आला होता आणि यांनी हो म्हटलं होतं.

“मी येणार तळेघोलला,” मी म्हणाले. “पण तुमच्या पाठीशी उभी ऱ्हाणार न्हाई. मुलाणीबाईंच्या शेजारी ऱ्हाणार.”

“बरं,” हे म्हणाले. “बघतो एकट्यानं.”

एप्रिलातली दुपार. पट्टीच्या एका अंगाला घाटाची कडा, पलीकडे वाळलेल्या गवताचं कुरण. चौकशीला आलेल्या डॉक्टर अस्मिता नलावडे छत्रीखाली वही घेऊन बसल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, तोंडाकडे टक लावून ऐकणाऱ्या. पट्टीभोवती दोरी, दोरीच्या आत एकटे हे. नलावडे मॅडमना सगळं ऐकू यावं म्हणून दातीरनं यांच्या कॉलरला माइक लावला होता आणि बाहेर स्पीकर ठेवला होता. त्या माइकचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला असावा. मी मुलाणींच्या चाकाच्या खुर्चीमागं, मुठींवर हात ठेवून उभी.

विमान वर गेलं. दोन चकरा मारून यांनी ते वळवलं आणि शेवटच्या रेषेत आणलं. स्पीकरमधून हलका, सवयीचा आवाज आला.

“पाठ?”

कुणी काही बोललं नाही. त्याच वेळी मला कुरणाच्या टोकाला गवत झोपताना दिसलं. माझी बोटं खुर्चीच्या मुठीवर गच्च दाबली गेली. यांचे अंगठे जागच्या जागी थिजलेले. मग वारा आला, विमानाचा पंख ढासळला, ते खाली बसायला लागलं. यांनी कसंबसं थ्रॉटल ढकलून ते परत वर काढलं.

“वाऱ्यामुळे, मॅडम,” दातीर म्हणाला. “पुन्हा येतील.”

दुसरी खेप. पुन्हा स्पीकरमधून “पाठ?” पुन्हा गवत, माझी बोटं, आणि मग विमानाचं ढासळणं. या खेपेला चाकं जमिनीला टेकता टेकता वाचली. धुळीचा लोट आमच्यापर्यंत आला. मुलाणींनी मान वळवून माझ्या हातांकडे बघितलं.

“वैनी, तुम्ही खुर्ची दाबताय, आणि मग विमान पडतंय. दोन्ही वेळा. आधी तुम्ही, मग ते.”

त्या हळू बोलल्या नव्हत्या. नलावडे मॅडमनी वही खाली ठेवली.

“ते ‘पाठ’ काय म्हणतायत?” त्यांनी विचारलं.

“सरांची सवय आहे, मॅडम. तांत्रिक काही नाही,” दातीर म्हणाला.

“तांत्रिक न्हाई?” मी म्हणाले. “त्यो प्रश्न हाय, मॅडम. आमच्या माळावर त्याला उत्तर द्यायची रीत हाय. बावीस वर्षं ते उत्तर मी दिलं. ह्यांच्या रेकॉर्डिंगला मला मंडपात बसवलं. त्या चारशे बारा खेपांचा आवाज काढा की. हरएक खेपेला हे विचारत असतील आन पुढं सहा दशांश सेकंद कुणीच बोलत नसंल.”

“आवाज आहे का?” नलावडे मॅडमनी दातीरला विचारलं.

दातीरचे कान लाल झाले. “मूळ फायलींमध्ये असेल. शिकवताना आम्ही आवाज काढून टाकतो. तो अनावश्यक असतो.”

“अनावश्यक,” मुलाणी म्हणाल्या, आणि पायाच्या प्लॅस्टरकडे बघत राहिल्या.

विमान तोवर डोक्यावरून घिरट्या घालत होतं. दाखवण्यापुरतं म्हणून टाकीत सातच मिनिटांचं रॉकेल भरलं होतं, त्यातली पाच संपली होती. हे आमच्याकडे बघू शकत नव्हते, मान आभाळाकडेच होती. पण आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. स्पीकर खरखरला.

“वैजू, ये.”

पाय उचलला गेला होता माझा. बावीस वर्षांची सवय आहे ती. पण मी तो परत खाली ठेवला.

“आधी सांगा,” मी तिथूनच म्हणाले.

मला वाटलं, आता हे विमान दगडात घालतील पण बोलणार नाहीत. इतका ताठा मी त्या माणसात बघितलाय.

“मॅडम,” हे म्हणाले, “मी एकट्यानं कधीच उतरवलं न्हाई. त्या रेकॉर्डिंगच्या आधी एकदा बी न्हाई. ही मागं असती, ती वारं बघती, मी नुस्ता अंगठा हलवतो. रेकॉर्डिंगला ही नव्हती. मी बोलायला पायजे व्हतं, बोललो न्हाई. मला मोठं व्हायचं व्हतं. बाईंची काय चूक न्हाई. त्या रेषेच्या भाईरच असतील.”

मी दोरीखालून वाकून आत गेले. दातीर काहीतरी म्हणाला, त्याच्याकडे मी बघितलंही नाही. यांचा खांदा घामानं भिजला होता.

“पाठ?”

“आहे.”

कुरणाच्या टोकाला गवत झोपलं. मी बोटं दाबली. अंगठा लगेच पुढे गेला, टर्बाइन सव्वा सेकंद कुरकुरलं आणि वारा पोचायच्या वेळेला पुऱ्या जोरात होतं. पंख जरासा डळमळला, यांनी पडत्या बाजूला दांडी रेटून तो सावरला. चाकं मुरमावर टेकली. विमान पट्टीच्या मधोमध जाऊन थांबलं तेव्हा टाकीत पेलाभरही रॉकेल उरलं नव्हतं.

नलावडे मॅडम वही घेऊन दोरीपाशी आल्या. “तुमचं नाव सांगा. अहवालात लिहिते की सोबत पत्नी उपस्थित होत्या.”

“ते खोडा,” मी म्हणाले. “पत्नी म्हणून मी मंडपात चहा पीत व्हते एकोणीस दिवस. इथं मी काम केलं, ते लिहा.”

त्यांनी खोडलं आणि मी सांगत गेले तसं लिहिलं.

मुलाणींवरचा ठपका एका ओळीच्या पत्रानं गेला. दिलगिरीचा शब्द त्या ओळीत नव्हता. विमानं दुपारच्या वाऱ्यात बंद झाली, सकाळी चालू राहिली. कंपनीनं आधी यंत्रातून तो ठहराव काढून टाकायचा प्रयत्न केला. जमला नाही. उरलेलं सगळं शिकणं त्या थांबण्याभोवती विणलेलं होतं. तो एक टाका उसवला की विमान पट्टीच विसरायचं. तेव्हा ठहराव ठेवायचा आणि त्याला उत्तर द्यायचं, एवढाच मार्ग राहिला. दातीर आमच्याकडे एक पातळ गादी घेऊन आला, यांच्या खांद्यावर बांधायची, माझी बोटं कधी दाबतात ते टिपायची. कॅमेऱ्याला गवत वाचायला शिकवू, मग माणूस लागणार नाही, म्हणाला. मी गादी हातात घेऊन बघितली आणि त्याच्या मांडीवर परत ठेवली.

“पुन्हा माझा हात घेऊन जाणार आन मला मंडपात बसवणार. न्हाई. मी माणसांना शिकवीन. हरएक केंद्रावर वारा बघणारं माणूस पायजे, त्याचं नाव हजेरीपटावर पायजे. पहिल्या मुलाणीबाई.”

त्यानं पुण्याला तीनदा फोन केला. पावसाळा पंधरा दिवसांवर होता. शेवटी कबूल झाले.

जूनमध्ये आम्ही तळेघोलला गेलो. मुलाणी एका हातात काठी, दुसऱ्या हातात विमानाला उत्तर पोचवणारं बटण घेऊन चुन्याच्या रेषेबाहेर उभ्या होत्या. रेषा ताजी होती. विमान वळून सरळ झालं आणि केंद्राच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून यांचा आवाज आला. मूळ फायलींतून काढलेला, त्या चारशे बारांपैकी एक.

“पाठ?”

माझे ओठ हलले, पण मी ते मिटून घेतले. पट्टी माझी नव्हती. मुलाणींनी कुरणाकडे बघितलं, डोळे बारीक केले.

“आहे,” त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

विमान नीट उतरलं. हे माझ्या शेजारी उभे होते. स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी मान खाली घातली.

दातीर खुशीत होता. त्यानं नवी पुस्तिका काढून आमच्या हातात ठेवली. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘सहहस्त प्रणाली’, आणि ती कंपनीच्या संशोधकांनी शोधली असं लिहिलं होतं. मुखपृष्ठावर एप्रिलातला फोटो होता. रेडिओ घेतलेले हे, आणि खांद्यावर चार बोटं. मनगटापाशी कागद संपलेला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली.

“हा हात कुणी कापला?”

“डिझायनरनं, सर. जागा बसत नव्हती.”

यांनी कानावरची सुतारी पेन्सिल काढली. पुस्तिका दातीरच्या हातातल्या पांढऱ्या फायलीवर ठेवली, आणि कापलेल्या मनगटापासून पुढे रेघ ओढायला सुरुवात केली. कागदावरून ती रेघ फायलीवर गेली. मनगट, बांगड्या, कोपर, दंड. दातीर फाइल धरून नुसता उभा. चाळीस वर्षं साचे काढलेला हात आहे तो, रेघ कुठं डगमगली नाही.

“एवढं धरून छापा,” हे त्याला म्हणाले.

मी डोकावून बघितलं. कोपर फार वर आलं होतं, आणि मी तसं सांगितलं.

“यायचंच,” हे म्हणाले. “बावीस वर्षं माझ्या मागं हुबी हाईस, मला काय दिसतंय? पुढं ये. बघून काढतो.”